उगवतीचा ठिपका

लोणावळ्याला आमच्या दारी करवंदं घेऊन येणारे ठाकरवाडीतले आबा बोलताना माणसाकडे कधी पाहत नसत. जवळच्या एखाद्या झाडाकडे बघून बोलत. शाळेत आलेल्या मासिकातलं जपानी बोन्सायचं चित्र दाखवून मी त्यांच्याकडे ताटलीत मावेल असं झाड मागितलं. त्यांनी मला कड्यापाशी नेलं, एका वीतभर झुडपाची साल नखानं खरवडली आणि वास घेतला.

"उंबर."

"लहानच आहे," मी म्हणालो.

"ल्हान न्हाई, मास्तर. शेरडं खात्यात म्हून वाढंना. माज्या बापानं बी ह्यो येवढाच बगितला."

खणण्याआधी त्यांनी उगवतीकडच्या सालीवर चुन्याचा ठिपका दिला. झाडाची दिशा बदलू नये म्हणून घरी कुंडीत लावतानाही तो उगवतीलाच ठेवला. पण त्यामुळे झाडाची देखणी बाजू अंगणातल्या खुर्च्यांकडे येईना. पाहुणे आले की मी कुंडी फिरवायचो. आबा आले की ठिपका परत उगवतीला फिरवायचे.

एकदा सगळी पानं गळाली. आबांनी कुंडी फिरवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

महिन्यानं पालवी फुटली. दिशेमुळे, की दिवसच पालवीचे होते? मला अजून कळलेलं नाही. पण आता पाहुणे आले की मी खुर्च्या उचलून पलीकडे मांडतो.