वीस मिनिटांवरचा दवाखाना

आमचे हे फौजेत हवालदार होते. लडाखमध्ये एका उंच पोस्टवर बारा जवान त्यांच्या हाताखाली होते. आम्ही साताऱ्याचे. त्या बारा जणांमध्ये लान्स नाईक बाळू होता, सांगलीजवळच्या कुपवाडचा. ह्यांनी मला जे सांगितलं आणि मी जे पाहिलं, तेवढंच लिहिते.

पोस्टवर पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहायचं, सहाला चहा, सातला रेडिओवर रिपोर्ट. चहाला दोघांची रोज थट्टा चाले. सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटर, एसटीला तीन तास. बाळू म्हणे, "विमान असतं तर पंधरा मिनिटं, उस्ताद. तुमचा कंदी पेढा तोंडात विरघळायच्या आत सांगली."

"आरं, पर उतरवणार कुठं? तुझ्या जमिनीतल्या हळदीच्या पेवात?"

बाळूच्या मुलीचं बारसं ठरलं होतं. रजेवर खाली जायला चार दिवस राहिले आणि त्याला खोकला लागला. एवढ्या उंचीवर खोकला आला की रिपोर्ट करायचाच, असा नियम. पण रिपोर्ट केला की आधी हॉस्पिटल, मग रजा.

"उस्ताद, चार दिस दम काढा. सांगू नगा."

दुसरा कोणी असता तर ह्यांनी ऐकलं नसतं. हा आपल्या भागातला, गाववाला होता. सातच्या रिपोर्टमध्ये ह्यांनी "ऑल फिट" सांगितलं. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पावणेसातला बाळूच्या तोंडाला गुलाबी फेस आला. छातीत पाणी झालं होतं. खालची वाट बर्फाने बंद. हेलिकॉप्टरने हॉस्पिटल वीस मिनिटं. ह्यांनी सेट घेतला.

"एक कॅज्युअल्टी. सीरियस. चॉपर भेजो. ओव्हर."

"मौसम बंद है. इंतजार करो. ओव्हर."

साडेआठला तेच उत्तर. दहाला तेच. ऑक्सिजनचे दोन सिलिंडर होते. दुसरा बाराला संपला. हे त्याला छातीशी टेकवून बसले होते.

"उस्ताद, चॉपरचा आवाज येतोय का वो?"

"येतोय. बोलू नगंस."

काही येत नव्हतं. पावणेएकला बाळू गेला. दोनला आभाळ उघडलं. दोन वीसला चॉपर उतरलं.

पेटी विमानाने पुण्याला आली. तिथून गाडीने. हे सोबत होते. अकराला गाडी साताऱ्यावरून जाईल असा फोन आला. मी पाण्याची बाटली घेऊन हायवेला गेले. फुलं टाकायला माणसं जमली होती, मी मागेच राहिले. गाडी हळू झाली. ह्यांनी मला पाहिलं, उतरले नाहीत. पुढे गावोगावी लोक रस्त्यावर उभे होते. कुपवाडला पोचायला सहा तास लागले.

दर वर्षी त्या दिवशी आम्ही कुपवाडला जातो. यंदा बाळूच्या आईंनी ह्यांना विचारलं, "दादा, दवाखाना लय लांब व्हता का?"

"न्हाई, आई. हेलिकॉप्टरनं वीस मिनिटं."

"म्हंजी आमाला हितनं माधवनगरचा दवाखाना हाय तेवढाच."

हे काहीतरी सांगायला गेले. तेवढ्यात आईंनी कप पुढे सरकवला. "घ्या, चा निवतोय."

ह्यांनी चहा घेतला. फोटोला हार घालून आम्ही तीनची एसटी धरली. बाळूचं वय तेव्हा सत्तावीस होतं. त्याच्या खोकल्याचं त्या माउलीला अजून कोणी सांगितलेलं नाही.