बाबांची थंडी

दिवाळीच्या आधी सगळ्यांच्या मोबाइलवर एकच बातमी फिरत होती, यंदा थंडी कडाक्याची पडणार. दूरच्या कुठल्याशा महासागराचं पाणी गार झालंय, त्यामुळे आपल्याकडे तीन महिने हुडहुडी भरणार, असं हवामानवाले सांगत होते. शाळेत आम्ही शिक्षिका स्वेटरच्या गोष्टी करू लागलो. मला मात्र त्या बातमीत माझा स्वार्थ दिसला.

आई गेल्यापासून बाबा रामाकोन्याला एकटेच राहायचे. मी पांढुर्ण्याला, बसने दीड-दोन तासांवर. मागच्या हिवाळ्यात त्यांचा खोकला महिनाभर हटला नाही आणि त्यांनी मला कळूही दिलं नाही. यंदा त्यांना इथे आणायचंच, असं मी ठरवलं होतं. पण आमच्याकडे बापाने लेकीच्या घरी एक मुक्काम करावा, फार तर दोन. तिसऱ्या दिवशी गाव विचारायला लागतं, काय झालं म्हणून. बाबा तर माझ्याकडे चहासुद्धा पाहुण्यासारखा अर्धा कप घ्यायचे.

दिवाळीला गावी गेले तेव्हा मी त्यांना ती बातमी तिखटमीठ लावून वाचून दाखवली.

“तिकडच्या समुद्राचा आन रामाकोन्याचा काय संबंध?” ते म्हणाले.

“शास्त्रज्ञ का उगाच सांगून राहिले, बाबा? तुमच्या खोलीचं दार तर धड लागतही नाही.”

ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “थंडीपुरता येतो. संक्रांत झाली का चाललो वापस.”

आले ते एक पिशवी आणि एक भलंमोठं गाठोडं घेऊन. गाठोड्यात स्वतःच्या वावरातला कापूस, जिनिंगच्या कारखान्यातून सरकी काढून आणलेला. दुकानातल्या रजईवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, आत जुन्या गाद्यांचा कापूस भरतात म्हणे. आमच्या भागात रजईचं माप किलोत सांगतात. अडीच किलोची रजई कोणालाही पुरते. बाबा पिंजाऱ्यासमोर मांडी घालून बसले आणि अंदाज कडाक्याचा आहे म्हणून त्यांनी पाच किलो भरायला लावला.

“काकाजी, हे आंगावर घेऊन माणूस कुशीवर वळन का?” पिंजाऱ्याने विचारलं.

“वळाचं कायले? झोपाचं आहे.”

आणि थंडी आलीच नाही. डिसेंबरात चार दिवस बरा गारवा होता, मग आभाळ आलं आणि तोही गेला. रजईची घडी घालायला आम्ही नवराबायको दोघं लागायचो. मी रोज सकाळी तापमान बघायची, आकडा वर सरकला की माझं तोंड उतरायचं. हवामानवाल्यांचा मला असा राग आला की समोर असते तर त्या रजईखाली दाबले असते. थंडीसाठी नवस बोलायचा तेवढा बाकी होता.

बाबा मात्र छान रुळले होते. खोकला नाही. संध्याकाळी स्टेशनकडे फिरायला जायचे, तिथे दोन रिटायर्ड मास्तरांशी त्यांची गट्टी जमली होती. सकाळी माझ्या डब्याची भाजी चिरून द्यायचे. संक्रांत झाली. परत जायचं त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. पण दार वाजलं की मी आधी खिडकीतून बघायची, गावाकडून कोणी न्यायला तर आलं नाही ना.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी मी शाळेतून आले. डोक्यावर पंखा खडखडत फिरत होता आणि बाबा बनियनवर बसून फोनवर बोलत होते. पलीकडे त्यांचा गावचा चुलतभाऊ होता. त्याचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता.

“थंडी तं गेली नं, दादा. मंग कधी येता?”

बाबांनी टॉवेलने मानेवरचा घाम पुसला.

“तुमच्याकडं गेली असन,” ते म्हणाले. “इकडं पांढुर्ण्यात लय कडाका पडून राहिला. आंगणात पाय ठेववत नाही.”

पायातल्या चपला न काढताच मी आत गेले आणि पंखा बंद केला. त्याची खडखड फोनमधून तिकडे ऐकू गेली असती.