आप्पांचा कॉम्प्रेसर

आप्पा दुकानात यंत्र पाहत नसत, ऐकत असत; डोळे मिटून, मान किंचित कलती करून. माझे सासरे, शेंद्र्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. कूलरमधली धूळ उडवायला, गेटवर रंग फवारायला त्यांना घरी हवेचा कॉम्प्रेसर हवा होता. आणि तोही "मी गेल्यावर चालत राहील असा".

त्यासाठी उन्हाळाभर माझ्या स्कूटीवर मागे बसून त्यांनी शहर पालथे घातले. शाळेत शिकवून आल्यावर माझ्या अंगात त्राण नसे. तापलेल्या पत्र्याचा, ग्रीसचा वास डोक्यात भिनलेला असे. एकदा मी हलके, चकचकीत, बिनतेलाचे यंत्र दाखवले. "हेच घ्या ना, आप्पा. उचलायलाही सोपं."

"लई वरडतंय, पोरी. दोन उन्हाळ्यांत दमून बसंल."

मग त्यांनी पट्ट्यावर चालणारे, तेलाचे, संथ धपधपणारे जड यंत्र निवडले. टाकी भरवली, मोटार बंद करायला लावली आणि हवा गळते का ते पाहायला स्टूल ओढून दाबाच्या मीटरसमोर बसले. दुकानदार वैतागला. "चचा, मशीन लेने आये कि चाय पीने?"

"दोन्हीला. चहा संपेस्तोवर काटा हलला नाय, तर घेऊन जातो."

चहा संपला. काटा हलला नव्हता.

घरी त्यांचा एकच नेम. काम झाले की टाकीच्या तळाची तोटी उघडायची. हवेबरोबर आत साचलेले पाणी बाहेर. "पाणी ऱ्हायलं की लोखंड आतून खातंय. वरून समजत बी नाय."

एका संध्याकाळी टाकी भरून झाली आणि त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यातून ते परतले नाहीत. दिवसकार्य आटोपल्यावर मी व्हरांड्यातल्या कॉम्प्रेसरपाशी गेले, तर काटा केसभरच उतरलेला.

"राहू दे," नवरा म्हणाला. "आप्पांनी भरलेली हवा आहे ती."

मलाही हात लावावासा वाटेना. पण आत पाणी होते. येता-जाता त्या काट्याकडे पाहायचे आणि दमल्याचे निमित्त करून पुढे जायचे, असे चालले. अखेर एका दुपारी मी खाली बसले, तोटी फिरवली. लोखंडी वासाची हवा तळहातावर आदळली; मग तांबूस पाणी ठिबकले; मग काहीच नाही. ओला हात कितीतरी वेळ पुसवला नाही.

तोटी घट्ट केली, टाकी भरली, मोटार बंद केली. चहा आणला आणि आप्पांचे स्टूल ओढून काट्यासमोर बसले.

चहा संपला. काटा हलला नव्हता. उठताना मी तोटी उघडली.