साडूंचं रॉकेट

माझ्या साडूंइतका चोख माणूस सिंगापुरातच काय, सबंध आशिया खंडात दुसरा नसेल. भिंतीवर तसबीर लावायची तर ते आधी तसबीर मोजतात, मग भिंत, आणि शेवटी बिल्डिंग सरळ उभी आहे की नाही याबद्दल शंका काढतात. माझ्या बायकोची थोरली बहीण इतकी वर्षं यांच्यासाठी पोळ्या लाटते आहे, पण अजूनही ते पोळी उजेडासमोर धरून म्हणतात, "डावीकडे जरा जाड आहे, पण उत्तम." ही दाद आहे, हे कळायला तिला निम्मा संसार लागला.

असा हा माणूस, बोटीवर चीफ इंजिनियर म्हणून उमेदीची वर्षं घालवून आता तुआसच्या एका यार्डात जहाजं दुरुस्त करणारा, अठ्ठावन्नाव्या वर्षी रॉकेटच्या नादी लागला. दिवाळीतलं नव्हे, आपल्या छातीएवढं उंच, शे-दीडशे मजले वर जाणारं. त्याची परीक्षा असते. आपण बांधलेलं रॉकेट परीक्षकासमोर उडवायचं, ते पॅराशूटने उतरायला हवं आणि लगेच पुन्हा उडवता येईल इतकं धडधाकट असायला हवं. मग सर्टिफिकेट. पाच महिने त्यांच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर एक जाड कागदी नळी आडवी पडली होती आणि आम्ही पाहुणे ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. "अहो, आमटीला रॉकेटचा वास येतोय," मेहुणी एकदा कळवळून म्हणाली. "एपॉक्सी गोंदाचा," साडूंनी दुरुस्ती केली आणि प्लायवूडचा पंख पुन्हा घासायला घेतला.

पॅराशूट त्यांनी स्वतः शिवलं. ते नीट फुलतं का हे पाहायला रोज सकाळी कमरेला बांधून मैदानात धावायचे. व्यायाम करणाऱ्या एका चिनी आजोबांनी त्यांना थांबवून विचारलं, "काइट आह?"

"नो अंकल, पॅराशूट."

"यू जम्प, आह?"

"नॉट मी. रॉकेट."

आजोबांनी त्यांच्या पोटाकडे पाहून थोडा विचार केला. "बेटर लाह," ते म्हणाले.

हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा साडू हातातला सँडपेपर खाली ठेवून म्हणाले, "तीस वर्षं बोटीच्या पोटात काढली हो. वर डेकवर लोक तारे बघायचे, मी प्रेशर गेज. आपल्या हातचं काहीतरी वर जाताना एकदा बघायचंय."

सिंगापूरच्या आकाशात विमानांचीच एवढी गर्दी, की तिथे उडवायची परवानगी मागण्याचा त्यांना धीर झाला नाही. म्हणून आम्ही दोघं ऑस्ट्रेलियाला गेलो, पर्थपासून दोन-तीन तासांवरच्या एका माळावर. रॉकेटची मोटर, म्हणजे जळणाने भरलेली नळी, विमानातून नेता येत नाही, ती तिथेच विकत घेतली. परीक्षक म्हणजे उन्हाने रापलेल्या एक उंच बाई होत्या. त्यांनी उलटी गिनती केली, साडूंनी बटण दाबलं, आणि मी टोपी सावरेपर्यंत रॉकेट निळ्यात विरघळून गेलं. मग खूप वर एक नारिंगी ठिपका फुलला आणि सावकाश, अगदी सावकाश, वाऱ्यावर झुलत खाली येऊ लागला.

रॉकेट खडकाळ जमिनीवर उतरलं. बाईंनी ते फिरवून पाहिलं, "ब्यूटिफुल!" म्हणाल्या आणि सहीसाठी पेन काढलं.

"मॅडम, प्लीज सी हिअर," साडू म्हणाले. एका पंखाच्या मुळाशी केसाएवढी चीर होती.

बाईंनी चष्मा चढवून पाहिलं. मग म्हणाल्या, ही मला दिसलीच नसती.

"बट आय सॉ," साडू म्हणाले. बाईंनी पेन खिशात ठेवलं आणि त्यांचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ हलवला.

मला साडूंचा राग आला होता. गाडीकडे परतताना मी तो बोलून दाखवणार, तेवढ्यात ते थांबले. "किती वेळ वर होतं हो?"

"तुम्ही नाही मोजलं?"

त्यांनी मूठ उघडली. घामेजल्या तळहातावर स्टॉपवॉच होतं, शून्यावर. दाबायचं राहूनच गेलं होतं.

"दोन मिनिटं असतील," मी म्हणालो.

साडूंनी मोकळ्या आकाशाकडे पाहिलं. "पुष्कळ वाटली," ते म्हणाले, आणि आम्ही चालू लागलो.