दगड कुठे लागतो

बू मालसूनला एक्काहत्तरावं लागलं, तरी कोरियातल्या जेजू बेटाच्या समुद्रात ती पोरींच्या आधी बुडी मारते आणि पोरींच्या नंतर वर येते. गावातल्या शंख-शिंपल्यांसाठी बुडी मारणाऱ्या एकवीस बायकांत तिचा शब्द शेवटचा. तोंडाने फटकळ, पण खोटं बोलायची नाही. एकदाच बोलली, तेही पोलिसांपुढे सहीनिशी, आणि ते तिलाच निस्तरावं लागलं.

किनाऱ्यावर दगडी कुंपणाच्या आत त्यांची शेकोटी असते. बायका तिथेच कपडे बदलतात, तिथेच अंग शेकतात. कुणाच्या अंगावर काय आहे ते तिथे लपत नाही. म्हणून रीत अशी, की शेकोटीपाशी दिसलं ते शेकोटीपाशीच राहायचं. भली मोठी रीत! ह्योन मिरान भिंतीकडे तोंड करून कपडे बदलू लागली, तिच्या दंडावर काळेनिळे वळ दिसले, आणि सगळ्याजणी मूग गिळून बसल्या. मिरानच्या घरातली मारहाण ऐकून शेजाऱ्याने पोलीस बोलावले तेव्हाही मालसून रीतीलाच जागली. "समुद्रात दगड लागला असेल," ती म्हणाली.

मग मिरानचा नवरा अधिकच माजला. पुढच्या महिन्यात मिरान लेकीला घेऊन मालसूनच्या दारात उभी राहिली. दंडावर पुन्हा तेच. या खेपेला पोलिसांनी फोटो काढले आणि मिरानने कोर्टात अर्ज केला, की या माणसाला घराबाहेर काढा, माझ्याजवळ फिरकू देऊ नका. नवऱ्याच्या वकिलाची सगळी भिस्त मालसूनच्या त्या सहीवर होती. अर्ज फेटाळला गेला असता, तर नवरा तिला कुठेही गाठायला मोकळा राहिला असता.

साक्षीला जाताना शहराच्या बसमध्ये मिरान म्हणाली, "मावशी, तुम्ही नाही आलात तरी चालेल. चारचौघांत तुमचीच लाज जाईल."

"या वयात लाज ठेवून करू काय? लोणचं घालू?"

कोर्टात नवऱ्याशेजारून उठून वकिलाने जुना कागद पुढे धरला. "आजी, सही तुमचीच ना?"

"माझीच. खोटं सांगितलं होतं."

"मग आज खरं बोलताय कशावरून?"

मालसूनने पिशवीतून मिरानचा बुडीचा रबरी पोशाख काढून टेबलावर पसरला. खारट वास सुटला. वकिलाने खुर्ची मागे सरकवली.

"न्यायाधीशबाई, हा फाटला की मीच ठिगळ चिकटवते. बघा, गुडघ्यांवर तीन, कोपरांवर दोन, नडगीवर एक. दगड लागतो तो इथे. आता दंड बघा."

दंडाला ठिगळ नव्हतं. साधा ओरखडाही नव्हता.

"रबराला धक्का न लावता आत चार बोटं उमटवणारा दगड समुद्रात नसतो. तो तिथे बसलाय!"

"विचारलं तेवढंच बोला," न्यायाधीशबाईंनी बजावलं. पण पोलिसांचा फोटो त्यांनी पोशाखाच्या बाहीशेजारी ठेवला आणि बराच वेळ पाहिला. "तेव्हा खोटं का बोललात?"

मालसूनचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "वीसजणींनी बघितलं आणि वीसजणी गप्प बसलो. त्याचीच लाज वाटते, बाई."

दहा दिवसांनी हुकूम निघाला. नवऱ्याने घर सोडायचं, आणि वर्षभर मिरानच्या शंभर मीटरच्या आत यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेकोटीपाशी मालसूनने सगळ्यांना ऐकवलं, "आजपासून रीत बदलली. इथे दिसेल ते मी बाहेर सांगणार. पटत नसेल तिने घरून कपडे बदलून यावं."

कुणीही उठलं नाही. मिरानने शेकोटीकडे तोंड केलं आणि सदरा काढला. दंडावरचे वळ पिवळे पडत आले होते.

कोपऱ्यातली यांग ओकही मात्र अजून भिंतीकडे तोंड करून होती. मालसून काही बोलणार, तेवढ्यात मिरानच तिच्याशेजारी जाऊन बसली.

"ओकही," ती म्हणाली, "शहराची बस साडेआठला असते. मी येते तुझ्याबरोबर."