टेबलाखालचा हात

बळवंतराव शेळक्यांच्या हातातून चहाचा कप पडला, तेव्हा त्यांना वाटलं बायकोने, विमलने, नीट धरला नाही. विमल तर आत स्वयंपाकघरात होती. कप त्यांच्याच उजव्या हातात होता, आणि तो हात आता त्यांचं ऐकत नव्हता.

लकवा. कंपू भागातल्या हॉस्पिटलात पडून राहिले, मग घरी आले. वाचा परत आली, पाय थोडा ओढत का होईना परत आला. उजवा हात मात्र आला नाही. दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याच्या बाहीसारखा नुसता लोंबत राहिला.

आणि हा माणूस कोण, तर टायपिस्ट. हिंदी मुलखातल्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून अर्धं आयुष्य गेलेलं. आधी मशीन होतं, मग कंप्युटर आला, पण टेबल तेच. त्यामागे श्रीपाद दिघे वकिलांचा तखत, बसायची लाकडी चौकी. वकिलांनी बोलायचं आणि बळवंतरावांनी टाइप करायचं. वकील पान खाऊन बोलायचे तरी यांना एकेक शब्द कळायचा.

साध्या कीबोर्डवर डाव्या हाताने करून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकटा हात धावायचा, एका पानात खांदा भरून यायचा. मग हर्षिताने, म्हणजे त्यांच्या मुलीने, मोबाइलवर बोलून टाइप करायला शिकवलं. घरी छान चाललं. शेडखाली पहिल्याच शपथपत्रात, शेजारच्या कुणाची ऑर्डर मिसळून, "मैं शपथपूर्वक कथन करता हूँ कि दो समोसे, चटनी अलग से" असं उमटलं. वकील हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बळवंतराव, वाईट वाटून घेऊ नका. पडाव भागात सौरव म्हणून एक मुलगा आहे, हॉटेलात बिलं टाइप करतो. वाऱ्यासारखा हात चालतो त्याचा. दिवाळीनंतरच्या सोमवारी माझ्यासमोर एक शपथपत्र काढून दाखवा. जमलं तर टेबल तुमचं, नाहीतर त्याला बसवावं लागेल. माझीही कामं अडलीयत हो."

तर त्या सोमवारसाठी हर्षिताने ते यंत्र मागवलं. साबणाच्या वडीएवढं, काळं, पट्ट्याने तळहाताला बांधायचं. चार बोटांना चार बटणं, वर अंगठ्याला दोन-तीन. अक्षरांची बटणं वेगळी नाहीतच. दोन बोटं एकदम दाबली की एक अक्षर, तीन दाबली की दुसरं, अंगठा घेतला की तिसरंच. कोणत्या बोटांना कोणतं अक्षर, ते हर्षिताने कंप्युटरमध्ये बसवून दिलं होतं, अगदी हिंदीत.

"हा कीबोर्ड?" बळवंतराव म्हणाले. "मला तर दरवाज्याची मूठ वाटतेय."

"बाबा, ट्राय तो करो."

करत राहिले बिचारे. ज्या माणसाची बोटं डोळे मिटून चालायची, तो आता एका "क"साठी हाताकडे बघत बसायचा. त्यात अनामिका एकटी दबायचीच नाही, करंगळीला सोबत ओढायची. नुसती अनामिका म्हणजे "र", दोघी मिळून "ल". झालं, रमेशचा लमेश आणि रसीदची लसीद.

"बाबा, तुम्ही बोबडं टाइप करताय," हर्षिता हसली. तेही हसले, पण थोडंसंच. हसायलाही दम लागतो ना.

मग ते कुठेही बोटं दाबत बसायचे. टेम्पोच्या दांडीवर, भाजीच्या पिशवीवर, एकदा तर विमलच्या खांद्यावर. ती म्हणाली, "काय लिहिताय माझ्या पाठीवर?" म्हणाले, "प्रार्थी, म्हणजे अर्जदार." ती म्हणाली, "मग अर्ज मंजूर समजा, आणि झोपा आता." ते झोपायचे, पण बोटं झोपायची नाहीत. सकाळी हात असा दुखायचा, जणू रात्रभर कुणी पिळून काढलाय. उरलेला हातही जाईल की काय, ही एक भीती ते कुणालाच सांगत नव्हते.

सोमवार आला. गती बरी झाली होती, बोबडंही कमी झालं होतं. पण शेडखाली बसल्यावर त्यांनी काय केलं, तर उजवा हात शालीखाली लपवला आणि यंत्र बांधलेला डावा टेबलाखाली घेतला. आजूबाजूला सगळे ओळखीचे. हाताला पट्टे बांधून बसलेलं कुणी बघू नये, एवढंच मनात.

मुरारहून एक म्हातारी आली होती. विजेचं मीटर नवऱ्याच्या नावावर, नवरा वारला, मीटर हिच्या नावावर करायचं होतं. दिघे वकील तखतावर टेकून म्हणाले, "अम्मा, तुम्हीच सांगा यांना सगळं. मी बघतो."

म्हातारी सांगायला लागली. बळवंतराव टेबलाखाली बोटं दाबायला लागले. स्क्रीन त्यांच्याकडे, म्हातारीला दिसतंय काय, तर एक माणूस शांत बसलाय. टेबल रिकामं, खटखट नाही, हात खाली. ती थांबली.

"लिख तो रहे नहीं हो, भैया."

"लिख रहा हूँ, अम्मा. आप बोलो."

ती बोलली, पण तिचे डोळे टेबलाच्या कडेवर. कचेरीत तिचा जन्म गेला नसेल, पण हेलपाटे पुष्कळ घातलेले. काम न करता बसलेला माणूस आणि टेबलाखाली हात, याचा अर्थ तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने पदराची गाठ सोडली, घडी केलेली नोट काढली, आणि वाकून गुपचूप बळवंतरावांच्या मुठीत कोंबली. मूठ आवळली गेली, अनामिका आणि करंगळी दबून राहिल्या. स्क्रीनवर "लललललल" अशी ओळच्या ओळ धावली.

"अम्मा, ये क्या..."

"रख लो बेटा, और नहीं है," म्हातारी हळूच म्हणाली. "अब लिख दो."

शेजारच्या टेबलावरचा संभाजीराव स्टॅम्पवाला बघत होताच. "क्या शेळकेजी, लकवे के बाद धंधा बदल लिया?" आसपासचे सगळे खदखदले.

दिघे वकील हसले नाहीत. ते नुसते बघत होते, आणि तेच जास्त वाईट होतं. बळवंतरावांच्या कानशिलांना चटका बसला. सगळा जन्म याच टेबलावर गेला, कुणाचा चहासुद्धा फुकट प्यायले नाहीत, आणि आज या म्हातारीने त्यांना काय समजावं. रडू येतंय की राग, तेच त्यांना कळेना. खरं तर काहीच आलं नाही. नुसता थकवा आला, पायापासून वरपर्यंत. लपवायलाही ताकद लागते, तीच संपली.

त्यांनी डावा हात वर आणला आणि टेबलावर ठेवला, पट्टे, यंत्र, नोट सगळ्यासकट. दातांनी नोट काढून म्हातारीसमोर टाकली. मग शाल सरकवून उजवा हातही उचलून शेजारी ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"ये वाला गया, अम्मा. अब इससे लिखता हूँ. देखो."

म्हातारी बघत राहिली. आधी मेलेल्या हाताकडे, मग चालत्या बोटांकडे. नोट परत गाठीला बांधत म्हणाली, "हमारे इनका भी ऐसे ही हुआ था. बायाँ हाथ." आणि मग ती बोटांकडे बघूनच बोलायला लागली. बोटं थांबली की थांबायची, चालली की पुढचं सांगायची. संभाजीरावने हातातला शिक्का खाली ठेवला. चहावाला किटली घेऊन तिथेच उभा राहून बघत होता. बळवंतरावांनी कुणालाच हटवलं नाही.

कागद निघाला. वकिलांनी चष्मा लावून वाचला. एका जागी बोट ठेवलं. "रहवासीचं लहवासी झालंय."

"करतो दुरुस्त."

दुरुस्त झालं. वकिलांनी म्हातारीचा अंगठा घेतला, कागद घडी केला आणि मान वर न करता म्हणाले, "सौरवला फोन करून सांगतो, इथे जागा नाही म्हणून. आणि बळवंतराव, आता मी हळू बोलणार. पानही सोडा म्हणून डॉक्टर मागे लागलाच आहे."

एवढं ऐकून माणसाने खूश व्हायला हवं. बळवंतराव फक्त "बरं" म्हणाले आणि पुढचा कागद घेतला.

घरी विमलने दारातच विचारलं, "काय झालं?"

"टेबल आहे."

तिने ताट वाढलं. हात गेल्यापासून पोळी ते एका हाताने, ताटाला दाबून दाबून स्वतःच तोडायचे. कुणी मदतीला आलं की ताट ओढून घ्यायचे, हर्षिता आली तरी. आज पोळीवर बोटं ठेवली आणि तशीच राहू दिली. बोटं पोळीवर हळूहळू दाबली जात होती, एक, मग दोन.

मग त्यांनी ताट विमलकडे सरकवलं.

"आज तूच तोडून दे गं."