बावटा उतरेपर्यंत: सासूबाईंबरोबर मालवण

मालवणला खरं तर मी आणि मिलिंद जाणार होतो. दिवाळीनंतरचा आठवडा, पाठीवर सॅक, एसटीचा प्रवास आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा डायव्हिंग असा बेत होता. निघायच्या आदल्या दिवशी मिलिंदची रजा रद्द झाली. मी बुकिंग रद्द करायला फोन उचलला, तेव्हा माझ्या सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "मी आले तर चालेल का?"

सासूबाईंना मी आईच म्हणते. त्या मूळच्या आचऱ्याच्या, म्हणजे मालवणच्या उत्तरेला खाडीकाठी असलेल्या गावच्या. लग्न होऊन पुण्याला आल्या त्याला चाळीसेक वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी त्यांचे भाऊ गेले, भाचा मुंबईला नोकरीला, माहेरच्या घराला कुलूप लागलं. तेव्हापासून त्या तिकडे गेल्या नव्हत्या. आमचं दोघींचं बरं होतं, पण ते स्वयंपाकघरापुरतं. दिवसभर शेजारी बसून बोलायचं काय, याचीच मला काळजी होती. त्यांनी मात्र मिलिंदची जुनी ट्रेकिंगची सॅक काढली, तीत दोन साड्या आणि गोळ्यांचा डबा भरला आणि सकाळी माझ्याआधी दारात उभ्या राहिल्या.

आम्ही कोल्हापूर, गगनबावडा, कणकवली असे गेलो. घाट अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. तळेऱ्याला गाडी थांबली. चहावाल्याने विचारलं, "खंय चललात, मावशी?"

"मालवणाक. आचऱ्याची मी," आई म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून मालवणी मी अशी कधी ऐकली नव्हती. पुण्यात त्या आमच्यासारखंच बोलतात. चहा संपेपर्यंत चहावाल्याची मामी आचऱ्याचीच निघाली. पुढच्या प्रवासात आई खिडकीतून गावांची नावं सांगत राहिल्या आणि मला बोलायला विषय शोधावा लागला नाही.

मालवणात आम्ही चिवला किनाऱ्याजवळ एका घरगुती खोलीत उतरलो. अशा खोल्या हॉटेलपेक्षा स्वस्त पडतात आणि सकाळी गरम घावणे मिळतात. जेवायचं तर माशांचे भाव रोज बदलतात, आधी विचारून घ्या. आम्ही बांगड्याच्या तिखल्यावर, म्हणजे घट्ट तिखट कालवणावर, खूश होतो.

दुसऱ्या दिवशी डायव्हिंगवाल्या रुपेशकडे गेलो. तो होडी ओढून वर घेत होता.

"आज काय नाय ताई. समुद्रात वादळ आसा, बंदरात बावटो लागलोहा. बावटो उतरल्याशिवाय होडी सुटाची नाय."

बंदरावर धोक्याची खूण लागली की सगळी जलवाहतूक बंद. किल्ला समोर दिसत होता, पण तिथवरही जाता येईना. दिवसभर पाऊस पडला. आम्ही खोलीत बसून सोलकढी प्यायलो. मला आतून थोडं हायसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर मला पाण्याची भीती वाटते. मिलिंद हात धरेल, म्हणून मी तयार झाले होते. पोहता येत नसलं तरी डायव्हिंग करता येतं, प्रशिक्षक सतत बरोबर असतो, हे सगळं मी वाचलं होतं. वाचून भीती जात नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, पण बावटा तसाच. न्याहारी झाल्यावर आई म्हणाल्या, "आचऱ्याला जाऊन येऊ या."

एसटीने तासाभराच्या आत पोचलो. माहेरच्या घराला कुलूप तसंच होतं. अंगणात गवत वाढलं होतं, पायरीवर नारळाची झावळी पडली होती. त्यांनी बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, सरकवून आत जाऊन ती उचलली, कुंपणाला लावून ठेवली आणि म्हणाल्या, "चल, खाडीवर जाऊ."

खाडीला डोंगराचा आडोसा, त्यामुळे तिथे वारा नव्हता. भरती पूर्ण होऊन पाणी थबकलं होतं. पलीकडे कांदळवनाच्या मुळांतून पाणमांजरांचं एक कुटुंब बाहेर आलं. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. मी फोन काढेपर्यंत ती बुडाली. फोटो नाहीच मिळाला. वळून पाहिलं तर आईंनी साडीचा काष्टा मारला होता आणि त्या कमरेएवढ्या पाण्यात होत्या.

"आई, अहो, कुठे निघालात?"

"माका पेवाक येता गो," त्या म्हणाल्या आणि पोहायला लागल्या.

माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली, पण त्यांना पोहता येतं हे मला माहीत नव्हतं. मिलिंदलाही नव्हतं, हे नंतर कळलं. त्या संथपणे, आवाज न करता थोडं आत गेल्या आणि वळून परत आल्या. केस मोकळे झाले होते. भावाने शिकवलं होतं, म्हणाल्या. इथेच, याच पाण्यात. दोघं तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला यायची आणि टोपली भरली की पोहत बसायची.

"मग पुण्यात कधी का नाही पोहलात?"

"कोणी विचारलंच नाही. आणि मग मीही विसरले."

नंतर त्यांनी मला आत बोलावलं. मी छातीपर्यंत पाण्यात गेले आणि त्यांचा दंड घट्ट धरला. त्यांनी माझ्या पाठीखाली हात घातला. "भिया नको. आंग सैल सोड. पाणी धरता तुका." कितीतरी वेळ मी ताठच होते. मग कधीतरी कानांत पाणी गेलं, वर नुसतं आभाळ दिसलं आणि मी तरंगत होते. त्यांचा हात पाठीखाली होता की नव्हता, मला आठवत नाही.

ओल्या कपड्यांनी एसटीत बसलो. कंडक्टरने आईंकडे पाहिलं आणि दोन तिकिटं दिली.

बावटा उतरला तो आमच्या शेवटच्या दिवशी. रुपेशने आधीच सांगितलं, "पाणी गढूळ आसतला, लांबचा दिसाचा नाय." पैसे परत घेण्याची मोकळीकही दिली. तुम्ही गेलात तर डिसेंबर ते फेब्रुवारी बघा, पाणी तेव्हा स्वच्छ असतं. दर ठरवताना व्हिडिओ त्यात धरलाय का, तेही विचारा.

आईंच्या गोळ्यांचं ऐकल्यावर तो अडखळला. "आजी, रागावू नकात. बीपी आसा तर तुमका खाली नेऊक जमाचा नाय."

"राग कसलो? माका वर पेवाक दे. जाकीट घालतंय."

आईंनी माझा पंजाबी ड्रेस घातला होता, त्यावर जाकीट चढवलं. डोळ्यांना पाण्यात घालायचा चष्मा लावून त्या होडीच्या शिडीवरून उतरल्या. आपला एक माणूस त्यांच्याजवळ ठेवून रुपेश मला घेऊन खाली गेला.

पाणी हिरवं, धुरकट. सुरुवातीला फक्त माझ्याच श्वासाचा आवाज. वर जायची खूण करावी असं वाटलं, तेवढ्यात खाडीतला तो हात आठवला आणि मी खांदे सैल सोडले. मग खडक दिसला. त्यावर प्रवाळाचे तपकिरी, जांभळट गुच्छ, त्यांच्यामधून पिवळे पट्टेवाले मासे, एक पोपटी मासा खडक कुरतडत होता. दिसलं ते चार-पाच हातांवरचंच, पण मला पुरलं. रुपेश समोर कॅमेरा धरून मला हात हलवायला सांगत होता आणि मी मान वर करून बघत होते. आम्ही फार खोल नव्हतो; वर, उजेडाच्या पत्र्यावर, आई सावलीसारख्या पालथ्या पडून खाली बघत होत्या. ओढणी पाण्यात पसरली होती. पाय सावकाश हलत होते.

होडीत आल्यावर त्यांनी विचारलं, "काय दिसला गो?" मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे मधे माशांची मालवणी नावं सांगितली आणि कुठला कालवणाला बरा, तेही.

पुण्याला येऊन आता काही महिने झाले. घर तेच, कामंही तीच. फक्त आम्ही दोघीच असलो की आई मालवणीत बोलतात. भाच्याला फोन करून त्यांनी आचऱ्याच्या घराची साफसफाई करवून घेतली. पाहुणे आले की मिलिंद टीव्हीवर तो व्हिडिओ लावतो. मासे बाजूने जाताहेत आणि मी कॅमेऱ्याकडे नाही, माशांकडेही नाही, भलतीकडेच बघतेय. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "ही वर काय बघतेय एवढं?"

आई खोबरं किसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माका."